एकरूप त्रिकोण: कोणाची जोडी कोणाशी?

एका त्रिकोणाच्या बाजू ८, १२ आणि १८ सेंटिमीटर आहेत. दुसऱ्याच्या १२, १८ आणि २७. पहिल्याची प्रत्येक बाजू दीडपट केली की दुसरा मिळतो, त्यामुळे दोघांचे तिन्ही कोन सारखे. शिवाय १२ आणि १८ या बाजू दोघांतही आहेत. त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन असे सहा घटक. त्यांतले पाच जुळले. तरीही हे त्रिकोण एकरूप नाहीत. कागदातून कापून एकावर एक ठेवले तर दुसरा चांगलाच बाहेर येतो.

पाच घटक जुळूनही जे साधत नाही, ते बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीत तीनच घटकांनी कसे साधते? आठवी-नववीच्या भूमितीत एकरूपता शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारावा. कसोट्यांची नावे पाठ असतात, गणितेही सुटतात, पण या प्रश्नापाशी बरेच जण अडतात. उत्तर घटकांच्या संख्येत नाही, जागेत आहे. पहिल्या त्रिकोणात १२ ही मधली बाजू आहे, म्हणजे मधल्या कोनासमोरची. दुसऱ्यात तीच १२ सर्वांत लहान बाजू आहे आणि सर्वांत लहान कोनासमोर बसली आहे. माप तेच, पण जागा वेगळी. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘एकास एक संगती’ म्हणतात ती इथे बिघडली आहे.

म्हणून या प्रकरणाचा अभ्यास कसोट्यांपासून नव्हे, संगतीपासून सुरू करावा. त्रिकोण अबक ≅ त्रिकोण पमर असे लिहिले, की त्या एका ओळीत सहा विधाने भरलेली असतात. अ ची जोडी प शी, ब ची म शी, क ची र शी. त्यामुळे कोन अ = कोन प, बाजू अक = बाजू पर, बाजू बक = बाजू मर, आणि असेच पुढे. आकृतीकडे पाहायचीही गरज नाही. अक्षरांच्या क्रमावरून सगळे वाचता येते. उलट, हेच घाईत त्रिकोण अबक ≅ त्रिकोण रमप असे लिहिले, तर बहुतेक वेळा ते विधान चुकीचे ठरते, मग पुढचे तर्कशास्त्र कितीही चोख असो. उत्तरपत्रिकेत क्रमासाठी गुण कापले जातात तेव्हा मुलांना तो शिक्षकांचा काटेकोरपणा वाटतो. पण क्रम चुकला की खरोखर वेगळे, आणि बरेचदा खोटे, विधान लिहिले जाते.

एक साधी सवय इथे कामाला येते. कोणतीही एकरूपता लिहिण्याआधी वहीच्या कडेला अ↔प, ब↔म, क↔र अशी संगती आधी मांडावी आणि मगच त्रिकोणांची नावे लिहावीत. दहा सेकंदांचे काम आहे.

आता कसोट्यांकडे वळू. बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा आणि कर्णभुजा अशी ही पाच नावे मंत्रासारखी म्हटली जातात. सेमी इंग्रजीच्या वर्गात एसएसएस, एसएएस अशी म्हणतात, एवढाच फरक. त्यांच्यामागचा विचार मात्र रचनेचा आहे. एका मुलीने वहीत त्रिकोण काढला आहे आणि मैत्रिणीला तो फोनवर सांगायचा आहे, असे समजा. चित्र पाठवायचे नाही, फक्त मापे सांगायची. कोणती तीन मापे सांगितली, तर पलीकडची मैत्रीण हमखास तोच त्रिकोण काढेल? ज्या तीन मापांनी दुसरा त्रिकोण निघायला वावच उरत नाही, ती झाली कसोटी.

हा प्रयोग घरी दोघांनी खरोखर करून पाहावा. तीन बाजू सांगितल्या, तर कर्कटकाने दोन कंस काढून तिसरा बिंदू मिळतो. पायाच्या वर एक आणि खाली एक असे दोन छेदनबिंदू येतात, पण ते दोन त्रिकोण एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एक पालथा केला की दुसऱ्यावर बसतो. एकरूपतेत कागद पालथा करायला मुभा आहे, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. दोन बाजू आणि त्यांच्यामधला, म्हणजे समाविष्ट कोन सांगितला, तर कोनाच्या दोन भुजांवर दोन लांब्या मोजल्या की टोके ठरतात आणि तिसरी बाजू जोडण्यापलीकडे काही उरत नाही. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन सांगितले, तर दोन किरण निघतात आणि एकाच जागी भेटतात. त्रिकोण ठरला.

फक्त तीन कोन सांगितले तर? कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा ३०-६०-९० अंशांचा गुण्या आणि वर्गात फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या शेजारी ठेवून पाहावेत. कोन तेच, आकार तोच, पण एक तळहाताएवढा तर दुसरा हातभर. कोकोको ने आकार ठरतो, माप ठरत नाही. दहावीत ‘समरूपता’ शिकताना हीच गोष्ट कसोटी म्हणून भेटते. एकरूपतेला ती पुरत नाही.

खरी गंमत आहे ती बाबाको मध्ये. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला कोन. उत्तरपत्रिकांत ही ‘कसोटी’ वरचेवर वापरलेली दिसते, आणि ती चूक आहे असे सांगून भागत नाही. का चूक आहे ते हाताने काढून पाहावे लागते. अ पाशी ३० अंशांचा कोन काढावा. त्याच्या एका भुजेवर अब = ८ सेमी घ्यावे. आता ब केंद्र धरून ५ सेमी त्रिज्येचा कंस कोनाच्या दुसऱ्या भुजेवर मारावा. कंस त्या भुजेला दोनदा छेदतो: एकदा अ पासून सुमारे ३.९ सेमीवर आणि पुन्हा सुमारे ९.९ सेमीवर. दोन्ही छेदनबिंदूंना क म्हणता येते. दोन्ही त्रिकोणांत अब ८ आहे, बक ५ आहे, कोन अ ३० अंश आहे. पण एकात क पाशी सुमारे १२७ अंशांचा विशालकोन आहे, दुसऱ्यात सुमारे ५३ अंशांचा लघुकोन. फोनवरच्या मैत्रिणीने यांतला कोणता काढायचा?

कर्कटक हातात आहेच, तर त्रिज्या बदलूनही पाहावी. ४ सेमीपेक्षा कमी घेतली, तर कंस भुजेपर्यंत पोचतच नाही, त्रिकोण नाही. बरोबर ४ घेतली, तर कंस भुजेला एकाच बिंदूत स्पर्श करतो आणि क पाशी काटकोन होतो. ४ ते ८ च्या दरम्यान दोन त्रिकोण मिळतात. ८ किंवा त्याहून मोठी घेतली, तर पुन्हा एकच. म्हणजे बाबाको नेहमीच फसवते असे नाही. ती कधी फसवेल हे दिलेली मापे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिला कसोटीचा मान नाही.

हे एकदा हाताने केले, की कर्णभुजा कसोटीचे कोडेही सुटते. वरवर पाहता ती बाबाको च आहे: कर्ण, एक भुजा आणि त्या दोघांमध्ये नसलेला काटकोन. मग ती चालते कशी? दिलेला कोन ९० अंशांचा असला, की ब वरून मारलेला कंस रेषेला अ च्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर छेदतो. दोन त्रिकोण मिळतात खरे, पण ते एकमेकांची प्रतिमा असतात, म्हणजे एकरूपच. आकड्यांत पाहायचे तर कर्ण १३ आणि एक भुजा ५ असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने दुसरी भुजा १२ च येणार. तिन्ही बाजू ठरल्या, बाबाबा झाले.

कोकोबा बद्दल थोडेच सांगायचे आहे. दोन कोन कळले की १८० मधून वजा करून तिसरा कळतो, त्यामुळे ती कोबाको चेच दुसरे रूप आहे. मात्र बाजू संगत हवी. ३०-६०-९० चे दोन त्रिकोण घ्यावेत. एकात ६ सेमी हा कर्ण, दुसऱ्यात ६ सेमी ही ३० अंशांसमोरची बाजू. पहिल्याची लहान बाजू ३ येते, दुसऱ्याचा कर्ण १२. कोन जुळले, ६ जुळले, त्रिकोण नाही जुळले. पुन्हा जागेचाच प्रश्न.

आणखी एक गैरसमज क्षेत्रफळाचा. एकरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे समान असतात. उलटे खरे नाही. जाड पुठ्ठ्यातून ५, १२ आणि १३ सेमी बाजूंचे दोन एकरूप काटकोन त्रिकोण कापावेत. १२ ची बाजू १२ ला लावून जोडले, तर १३, १३, १० बाजूंचा उंच त्रिकोण होतो. ५ ची बाजू ५ ला लावली, तर १३, १३, २४ चा पसरट. दोन्हींचे क्षेत्रफळ ६० चौरस सेमी, दोन्हींत १३ च्या दोन बाजू, आणि तरी साम्य तिथेच संपते. जोडण्यासाठी एक तुकडा पालथा करावा लागतो. तेवढ्यात आरशातल्या प्रतिमेचा मुद्दाही हाताला समजतो.

लेखी सिद्धतेत अडचण वेगळ्या जागी येते. आकृतीत त्रिकोण सुटे असले तर सगळ्यांना दिसतात. एकमेकांवर चढलेले असले की गोंधळ होतो. नमुन्यादाखल एक गणित पाहू. त्रिकोण अबक मध्ये अब = अक. म हा अक चा मध्यबिंदू, न हा अब चा मध्यबिंदू. बम = कन सिद्ध करायचे आहे. आकृती काढली तर आत दोन मध्यगा एकमेकींना छेदतात आणि एकूण आठ त्रिकोण दिसतात. कोणते दोन उचलायचे?

इथे उलटीकडून विचार करावा. बम आणि कन समान दाखवायचे आहेत, तर बम ज्यात बाजू म्हणून येते आणि कन ज्यात बाजू म्हणून येते अशी त्रिकोणांची जोडी हवी. अबम आणि अकन ही एक जोडी. हे दोन त्रिकोण मूळ आकृतीतून बाहेर काढून बाजूला सुटे काढावेत, सारख्या बाजूंवर सारख्या खुणा कराव्यात. आता दिसते: अब = अक, हा पक्ष. कोन अ दोघांचा सामाईक. अम = अन, कारण समान बाजूंचे अर्धे भाग समान. संगती अ↔अ, ब↔क, म↔न. बाकोबा कसोटीने त्रिकोण अबम ≅ त्रिकोण अकन, आणि म्हणून बम = कन, एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू.

या छोट्या सिद्धतेत परीक्षेला लागणारे बरेच काही आले. पक्षाखेरीज समानता कुठून मिळते, हे शोधायच्या जागा थोड्या आहेत: सामाईक बाजू, सामाईक कोन, विरुद्ध कोन, समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन, मध्यबिंदू, दुभाजक, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. अडल्यावर याच जागा क्रमाने तपासाव्यात. प्रत्येक विधानासमोर कारण लिहावे. आणि आकृतीत ‘दिसते’ म्हणून काहीही गृहीत धरू नये. पुस्तकातली आकृती सरळ रेषा सरळ दाखवते, पण दोन बाजू समान आहेत की नाहीत हे ती सांगत नाही. सर्वांत फसवी चूक म्हणजे जे साध्य आहे तेच मधल्या एखाद्या ओळीत कारण म्हणून वापरणे. ती टाळायला, लिहून झाल्यावर साध्याचे विधान शेवटच्या ओळीआधी कुठे आले आहे का, एवढे पाहावे.

या चुकीचे ठरलेले ठिकाण म्हणजे समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय: दोन बाजू समान असतील, तर त्यांच्यासमोरचे कोन समान असतात. शाळेत अ चा कोनदुभाजक काढून, दोन तुकडे बाकोबा ने एकरूप दाखवून ते सिद्ध करतात. चांगली सिद्धता आहे. पण इसवी सनाच्या चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात झालेल्या पॅपस या गणितज्ञाने यासाठी एकही जादा रेषा काढली नाही. त्याने त्रिकोण अबक ची तुलना त्रिकोण अकब शी केली, म्हणजे त्याच त्रिकोणाची स्वतःशीच, फक्त संगती बदलून. अब = अक, अक = अब, कोन अ दोघांचा. बाकोबा ने त्रिकोण अबक ≅ त्रिकोण अकब. म्हणून कोन ब = कोन क. एवढेच. अक्षरांचा क्रम म्हणजे नुसती औपचारिकता, असे ज्याला वाटते त्याला ही तीन ओळींची सिद्धता दाखवावी. तिच्यात क्रमाशिवाय दुसरे काहीच नाही.

या कसोट्यांचे वय सव्वादोन हजार वर्षांहून जास्त आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ च्या पहिल्या खंडात चौथ्या विधानात बाकोबा, आठव्यात बाबाबा आणि सव्विसाव्यात कोबाको व कोकोबा मांडल्या. बाकोबा सिद्ध करताना त्याने एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला. ‘उचलून ठेवणे’ ही गणितातली कृती म्हणायची का, यावर पुढे बराच खल झाला. गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीची नव्याने पायाभरणी केली तेव्हा बाकोबा चा गाभा सरळ गृहीतकांतच घातला. त्यामुळे ही कसोटी शाळेत सिद्ध न करता कृती करून पटवली जाते, यात शाळेचा आळस नाही. कुठेतरी काहीतरी मानूनच चालावे लागते.

तिकडे कोबाको ने नकाशे काढले. १८०२ मध्ये सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साखळीने सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची एक पायारेषा मोजली. त्यानंतर लांबी मोजण्याचे काम जवळजवळ संपले. पायारेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीशी होणारे कोन थिओडोलाइटने घेतले की एक बाजू आणि दोन कोन मिळाले, त्रिकोण ठरला, उरलेल्या बाजू आकडेमोडीने निघाल्या. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया झाली. अशी त्रिकोणांची माळ ओवत सर्वेक्षण उत्तरेकडे सरकले. मध्येमध्ये नवी पायारेषा प्रत्यक्ष मोजून हिशेब ताडून पाहिला जाई. लॅम्बटन या कामावर असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट इथे वारला. आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या या गावी त्याची कबर आहे.

मैदानावर हेच काम काठ्या आणि दोरीने करता येते, आणि शिक्षकांनी एक तास त्यासाठी जरूर काढावा. नदी किंवा ओढा असेल तर उत्तम, पण मुलांना पाण्याजवळ न नेता मैदानाच्या मधल्या पट्ट्यालाच ओढा समजावे. तो ओलांडायचा नाही. पलीकडच्या काठावर एक झाड निवडावे. त्याच्या अगदी समोर अलीकडे अ ही खूण करावी. तिथून काठाकाठाने २० पावले चालून म पाशी काठी रोवावी, त्याच रेषेत आणखी २० पावले जाऊन क ही खूण करावी. आता क पासून काठाशी काटकोन करून, ओढ्याकडे पाठ फिरवून चालत सुटावे. मधून मधून वळून पाहावे. म ची काठी आणि पलीकडचे झाड एका रेषेत दिसले की तिथे थांबावे. क पासून जेवढे चालणे झाले, तेवढीच ओढ्याची रुंदी. कारण शोधायला मुलांना लावावे: अ आणि क पाशी काटकोन, अम = मक, म पाशी विरुद्ध कोन. कोबाको.

उत्तर पट्ट्याच्या खऱ्या रुंदीशी ताडून पाहिले, की थोडी चूक निघणारच, आणि ती बहुधा काटकोनात असते. डोळ्यांनी धरलेला काटकोन पाच-सहा अंशांनी सहज हुकतो. त्यावर गवंडी पाया आखताना वापरतात तोच उपाय करावा: दोरीवर १२ समान भाग आखून, ३, ४ आणि ५ भागांवर खुंट्या ठोकून ती ताणावी. ३ आणि ४ च्या मधला कोन काटकोनच होतो. का, तेही बाबाबा सांगते. ३ आणि ४ भुजांचा खरा काटकोन त्रिकोण काढला, तर पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा कर्ण ५ येतो. दोरीच्या त्रिकोणाच्या बाजूही ३, ४, ५ आहेत, म्हणजे तो या काटकोन त्रिकोणाशी एकरूप आहे आणि ५ समोरचा कोन ९० अंशांचाच असला पाहिजे. दोरी किमान १२ मीटरची घ्यावी. लहान दोरीत गाठीची जाडी आणि ढिलाई माप बिघडवते.